फॅटचा आकडा येत नाही

सुकन्या नगरला, सावेडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मदतीचा मजकूर लिहायची. कंपनीने दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप केलं होतं आणि ते कसं वापरायचं याची सगळी माहिती दोनशे पानांच्या पुस्तिकेत कोंबली होती. ती कुणी उघडत नसे. अडलं की लोक सरळ फोन करत, आणि तो फोन मच्छिंद्र घेई.

मच्छिंद्र अकोले तालुक्यातला, डोंगरातला. दिवसभर लोकांच्या अडचणी ऐकून तो एकदा तिला म्हणाला, की माणूस एकाच जागी अडलेला असतो, त्याच्या हातात अख्खं पुस्तक कशाला द्यायचं? ते तिला पटलं. दोघांनी पुस्तिका फोडून तिचे तुकडे करायला घेतले. एका तुकड्यात एकच अडचण आणि तिचं उत्तर. तुकडा एकदाच लिहायचा, मग मोबाईलवर, कॉम्प्युटरवर, छापील कागदावर, लागेल तिथे तोच दिसायचा. एका जागी सुधारला की सगळीकडे सुधारलेला. लोक कसं बोलतात ते मच्छिंद्र सांगायचा, सुकन्या लिहायची. समोरासमोर बसून दोन वर्षांत त्यांनी तीनशे दहा तुकडे केले.

मग त्याच्या आईचे गुडघे गेले. भाताची खाचरं बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सुकन्याला त्याच्याशी बरंच काही बोलायचं होतं. ती फक्त “जपून जा” म्हणाली.

वर्ष गेलं. ॲपची नवी आवृत्ती आली, तेव्हा मदतीचे तुकडे केंद्रावरच्या माणसांसमोर बसून तपासायचं ठरलं. केंद्र सुकन्यानेच निवडलं. अकोल्याच्या डोंगरात रेंज कमी, तिथे चाललं तर कुठेही चालेल, असं तिने साहेबांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच कारणही नव्हतं.

एसटीने अकोले गाठून ती जीपने भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या त्या गावात उतरली. केंद्र भागिरथीबाई चालवायच्या. तपासणीचा नियम असा, की बाजूला बसून नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही. संध्याकाळचं दूध सुरू झालं आणि दुधातली फॅट मोजणाऱ्या मशीनचा आकडा मोबाईलच्या स्क्रीनवर येईना. भागिरथीबाईंनी ॲपमधली मदत उघडली, ओठ हलवत वाचलं, ‘यंत्राची पुनर्जोडणी करा’, आणि मोबाईल बाजूला ठेवला.

“काय कराया सांगतंय कुनास ठाऊक,” त्या म्हणाल्या. “मच्छिंद्र यील आता दूध घिऊन. त्यो बघंल.”

सुकन्याचा लिहिता हात थांबला.

थोड्या वेळाने तो आला. वाळला होता, उन्हाने रापला होता. तिला बघून दारातच घुटमळला, पण कामाचा माणूस, आधी मशीनपाशी गेला. वायर काढली, सदऱ्याने पुसली, परत लावली. आकडा आला. मग तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिने मोबाईलवरचा तो तुकडा त्याच्यापुढे धरला.

“वायर काढा, पुसा, परत लावा, असं लिवलं हुतं की आपन,” तो म्हणाला.

“नव्या आवृत्तीत मीच बदललं. विचारायला कोण होतं?”

बाहेर बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. परत यावंसं वाटतं का, असं तिने हळूच विचारलं. वाटतं, पण आईला सोडता येत नाही, असं तो म्हणाला. मग बोलला, “तुमी विचारायच्या ना, ‘म्हणजे नेमकं काय?’ तसं हितं कुनी विचारत न्हाई.”

शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. जीपपर्यंत तो सोबत आला आणि म्हणाला, की तुकडे मोबाईलवर पाठवत जा, वाचून सांगेन.

आता दर शुक्रवारी ती पाच तुकडे पाठवते. तो लिहीत नाही, बोलून पाठवतो. त्याच्या आवाजामागे कधी पाण्याचा आवाज असतो, कधी आई हाक मारत असते. सुकन्या एकदा ऐकते, अडलेला शब्द बदलते, तो सगळीकडे बदलतो. मग ती पुन्हा ऐकते. तेव्हा ती काही लिहून घेत नाही.