दुसऱ्या भागातलं हसू

खडखड्यांनी उठून वेटिंग रूमचा पंखा बंद केला. त्याची करकर गोष्टीच्या आड येत होती. मग खुर्चीच्या अगदी टोकाला बसून त्यांनी समोरच्या दोघांना बजावलं,

"हे तुम्हाला पटणार नाही. आणि पटलंच, तर दवाखान्यातच आहात, डोकं दाखवून घ्या."

समोर वकील आणि कंडक्टर बसले होते. दोघे निवृत्त, दोघांचंही स्वरयंत्र ऑपरेशनमध्ये काढलेलं. पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे दर मंगळवारी सकाळी ही मंडळी जमत. प्रत्येकाच्या गळ्यावर, श्वासाच्या भोकापुढे, पांढऱ्या कापडाचं लहानसं फडकं बांधलेलं. वकील पाटीवर लिहून बोलत. कंडक्टर गळ्याला एक यंत्र टेकवत आणि मग डब्यात कोंडलेल्या भुंग्याच्या आवाजात बोलत. कुणाला हसू आलं तरी ते ऐकू येत नसे, फडकी तेवढी फडफडत.

खडखड्यांचा स्वतःचा गळा ठणठणीत होता. ते बायकोला घेऊन येत. जन्मभर त्यांच्या प्रत्येक थापेला कुणी ना कुणी मध्येच तोडलं होतं. इथे तोडायला कुणाजवळ तेवढा आवाजच नव्हता. असले गुणी श्रोते त्यांना सत्तर वर्षांत लाभले नव्हते.

खडखडे हे त्यांचं आडनाव नव्हे, धंद्यावरून पडलेलं नाव. सिनेमात पावलांचे, दारांचे, पावसाचे आवाज बनवून भरण्याचा त्यांचा धंदा होता. नारळाच्या करवंट्यांतून घोडे काढावेत, कोबी मोडून हाडं मोडावीत. खोटं बोलून पोट भरणारा मी एकटाच प्रामाणिक माणूस, असं ते म्हणत.

बायको शेजारी बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. तिचंही स्वरयंत्र काढलेलं, आणि बोलता यावं म्हणून गळ्यात डॉक्टरांनी झडप बसवून आठ महिने झाले होते. भोकावर अंगठा दाबला की आवाज निघायला हवा. तो एकदाच निघाला होता, झडप बसवली त्या दिवशी. ती "पाणी" म्हणाली आणि नर्सने मागे वळून खोलीत पुरुष कोण आलाय ते पाहिलं. त्यानंतर तिने अंगठा वर नेला नव्हता.

मघाशी मॅडम आत जाता जाता थांबल्या होत्या.

"घरी तरी बोलतात ना?"

"घरी? अहो, इतकं बोलते की ऐकवत नाही," खडखडे म्हणाले होते.

बायकोने पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"आज नाही बोलल्या, तर पुढच्या मंगळवारपासून ही वेळ दुसऱ्यांना द्यावी लागेल. माझाही नाइलाज आहे, काका."

ते ऐकल्यापासून खडखडे जास्तच तापले होते. पण मॅडमवर चिडून चालणार नव्हतं, बायकोवर चिडता येत नव्हतं. उरला होता रविवारी दोघांनी पाहिलेला सिनेमा.

"तर गुरगुऱ्या," ते म्हणाले. "सात डोळ्यांचा राक्षस. अंगाई ऐकली की घाबरून पलंगाखाली शिरतो. पहिल्या भागात चिखलात बदकन पडतो आणि हसतो. ते हसू कुणाचं होतं?" त्यांनी शेजारी बोट केलं. "हिचं! चिखलातली पावलं भरायला मी घरी टबात कागदाचा लगदा कालवला होता. पाय घसरला आणि बसलो त्यात कमरेपर्यंत. ही दारात उभी. माइक चालू. मोरीतून पाणी जाताना आधी खोल गुडगुडतं, तशी सुरुवात, मग वर वर चढत शेवटी एक फुर्रर्र! अकरा सेकंद. दिग्दर्शकाने ऐकलं आणि सहा नटांना घरी पाठवलं."

कंडक्टरांनी यंत्र टेकवलं. "पुढे... सरका."

"सरकतो. परवा दुसरा भाग बघायला गेलो. दुपारचा खेळ, थिएटर गच्च. गुरगुऱ्या आला, चिखलात पडला, तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून काय बाहेर यावं? हा, हा, हा! कुठल्याशा बड्या नटाचं, इस्त्री केलेलं हसू! अरे, राक्षस आहे की बँकेचा मॅनेजर?"

दोन्ही फडकी फडफडली. खडखड्यांना चेव आला.

"थिएटरात सन्नाटा. मग पहिल्या रांगेतली एवढीशी पोरगी खुर्चीवर उभी राहिली आणि म्हणाली, हा आमचा गुरगुऱ्या नव्हे! झालं. पॉपकॉर्न उडायला लागलं. टाय घातलेला एक गृहस्थ बूट काढून पडद्याकडे धावला. तीनशे माणसं एका सुरात ओरडतायत, जुनं हसू द्या! जुनं हसू द्या!"

वकिलांनी पाटी पुढे केली. "खुर्च्या किती?"

"एकशे ऐंशी. बाकीचे उभे होते."

वकिलांनी पाटी पुसली. खडखड्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर आपटला.

"निर्मात्याला तक्रार आहे. तुम्ही कायद्याची भाषा घाला. खाली नव्वद सह्या आहेत, तिथल्या तिथे घेतलेल्या."

वकिलांनी चष्मा वर करून कागद पाहिला, उलटा करून पाहिला आणि लिहिलं, "अक्षर एकच."

"पेन एकच होतं ना!"

कंडक्टरांचं फडकं उडून त्यांच्या हनुवटीला लागलं. ते त्यांनी घाईघाईने खाली धरलं, कारण खडखडे हसत नव्हते. त्यांची मान लाल झाली होती.

"तुम्हाला गंमत वाटते. फोन केला मी त्या स्टुडिओत. काल जन्मलेलं पोरगं मला सांगतं, काका, तो ट्रॅक जुना झाला होता, आता कुणाला फरक कळतो? कळत नाही? माझ्या घरात घुसून, माझ्या..." त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. हात दुखला असावा, पण तो त्यांनी चोळला नाही. "अकरा सेकंद होतं. तेवढंच कुठेतरी राहिलं होतं."

वकिलांनी लिहिलं, "पहिला भाग आहे की."

"दुसरा आल्यावर पहिला कोण बघतो?"

पंखा बंद असल्याने चार जणांचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते, तीन गळ्यांतून आणि एक नाकातून.

"माझं सोडा," खडखडे म्हणाले. आवाज त्यांनी ओढून पुन्हा गोष्टीच्या पट्टीत आणला. "हिची काय दशा झाली ते मी पाहिलंय. शेजारीच होतो. अंधारात हिच्या गळ्यावरचं फडकं असं उडत होतं, असं, संतापाने! थांबेचना. डोळ्यांतून धारा. रुमाल पिळून काढला. मी म्हटलं, चल उठ, हा अपमान बघायचा नाही. ही जागची हलेना, इतकी चिडलेली! शेवटपर्यंत बसली, पडद्याला डोळ्यांनी जाळत. विचारा हवं तर."

बायकोने पर्स उचलली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. ठेवली म्हणजे आदळलीच.

मग तिने उजवा हात वर आणला. अंगठ्याकडे पाहिलं, उसन्या आणलेल्या वस्तूकडे पाहावं तसं. फडकं बाजूला केलं आणि अंगठा दाबला. आधी नुसती हवा फुसफुसली. तिने कपाळाला आठी घालून अंगठा नीट बसवला. आतून खोल काही गुडगुडलं आणि त्यातून एक जाडा, फाटका, चिडलेला आवाज वर आला.

"थापा."

आतल्या खोलीत मॅडमची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा अंगठा दाबला.

"उभे राहून ओरडलात ते तुम्ही. एकटे. बाकी सगळे हसत होते."

अंगठा निघाला. श्वास. अंगठा परत बसला.

"मीसुद्धा."