परशूचं गवतयंत्र

अणशीचा परशू गोष्ट सांगायला बसला की मांजराचा वाघ व्हायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर वाघाचा सगळा कुटुंबकबिला मागोमाग यायचा. जंगलखात्याच्या बंगल्यावर तो माळी होता, तिथंच आवारातल्या घरात राहायचा. कामात चोख, बोलण्यात सैल. ऐकणाऱ्यांची करमणूक व्हायची, म्हणून त्याला कुणी कधी अडवलं नाही. अडलं ते थेट लेकीच्या लग्नात.

केशर त्याची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, परशूनंच तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. गुंदच्या विठ्ठलचा मुलगा वासू तिला पसंत होता, वासूलाही ती. पण विठ्ठल म्हणजे दाणा चावून बघितल्याशिवाय भात न मळणारा माणूस. मध्यस्थाला त्यानं स्पष्ट सांगितलं, "पोरगी लाखात एक हाय. पर बापाचं खरं कंचं आन् खोटं कंचं, कळंना गा. उद्या दोन घरांत कायबी झालं, तर ह्येच्या शब्दावर इसवास कसा ठेवायचा?"

नेमका तेव्हाच परशूनं गुंदच्या जत्रेत सांगितलं होतं, की बंगल्यावर एक यंत्र आलंय. बैल नाही, रेडा नाही, ते आपलं आपण चालतं, उग्र वासाचं तेल पितं, गवत खातं आणि डरकाळी फोडतं. आणि ते हाकणारा माणूस अख्ख्या मुलखात एकच. सगळं गुंद पोट धरून हसलं. विठ्ठल तेवढा हसला नाही. "दसऱ्याला सोनं द्यायला येतो," तो म्हणाला. "चालवून दाखवा. चाललं तर सोयरीक, न्हाई तर राम राम."

गंमत अशी, की जन्मात पहिल्यांदाच परशूनं पदरचं काही घातलं नव्हतं. साहेबानं विलायतेहून मागवलेलं ते गवत कापायचं मोटारयंत्र पावसाआधी लोंढ्याहून गाडीवर घालून आणलं होतं. बेळगावचा एक फिटर येऊन परशूला सगळं शिकवून गेला होता, आणि तेव्हापासून ते कधी रुसलं नव्हतं.

खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतात, लोहार ऐरण पुजतो. परशूनं यंत्र पुजलं, आणि साधंसुधं नाही. धुतलं, पुसलं, पात्यांना तेल लावलं, दांड्यावर झेंडूची माळ चढवली. मग प्रश्न आला, यंत्राचं कपाळ कुठं? त्यानं सगळीकडून बघितलं. सगळ्यात वर पेट्रोलच्या टाकीचं पितळी झाकण चमकत होतं. हेच कपाळ, असं ठरवून त्यानं तेलात कालवलेला शेंदूर त्यावर अंगठ्यानं चांगला थापला.

दसऱ्याच्या सकाळी, पाहुण्यांच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून त्यानं हँडल मारलं. यंत्र गरजलं, मोगऱ्याच्या ताटव्यापर्यंत गेलं आणि आचका देऊन गप्प झालं. पुन्हा हँडल मारलं. काही नाही. मारून मारून परशूचा खांदा निखळायची वेळ आली, पण यंत्र काही बोलेना.

साहेब दौऱ्यावर, फिटर बेळगावात. परशूच्या तोंडचं पाणी पळालं.

"बा, घाबरू नगंस," केशर म्हणाली. "म्हस आटली तर आपन काय करतो? आदी वैरण बघतो, मग पानी."

परशूनं टाकीचं झाकण फिरवून काढलं. पेट्रोल काठोकाठ होतं. झाकण लावलं. मग प्लग काढून राखेनं घासला, यंत्राच्या अंगाला टेकवून धरला आणि केशरला हँडल मारायला सांगितलं. तिनं मारलं, आणि विजेच्या झटक्यासरशी परशू दोन्ही पाय वर करून गवतात बसला.

"ठिनगी हाय!" तो बसल्या जागेवरनं ओरडला. "बेस हाय!"

म्हणजे आग होती, तेल होतं. राहिली नळी. त्यानं ती खालून सोडवली. पेट्रोल आधी धारेनं आलं, मग थेंबाथेंबानं, मग थांबलं. नळीत कचरा असणार म्हणून त्यानं ती काढून फुंकली. तोंडभर पेट्रोल आलं, कचरा म्हणून काही निघाला नाही. नळी आरशासारखी स्वच्छ. टाकी भरलेली, नळी मोकळी, आणि तरी तेल खाली उतरत नव्हतं. परशू डोकं धरून बसला. प्लग आणि नळी जागेवर बसवतो न बसवतो तोच फाटकात विठ्ठल आणि वासू उभे.

"काय पावनं," विठ्ठल म्हणाला, "डरकाळी कुटं आयकू येईना ती?"

"जरा दम खातंय," परशू म्हणाला. यंत्र उपाशी नाही हे दाखवायला त्यानं झाकण काढलं, विठ्ठलला आत वाकून बघायला लावलं, झाकण परत घट्ट लावलं आणि देवाचं नाव घेऊन हँडल मारलं.

यंत्र गरजलं! वासू टुणकन मागं उडाला. दारात उभी केशर टाळ्या पिटायला लागली. परशूनं छाती पुढं काढून दांडा धरला. आठ-दहा हात गवत कापलं गेलं असेल नसेल, यंत्र धापलं, खोकलं आणि मेलं.

विठ्ठलनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "प्वाट भरलं वाटतं त्येचं," तो म्हणाला. "चल वासू, उनं चढायच्या आत जाऊ या."

"वडे तरी खाऊन जावा," केशर म्हणाली. सणाचं अन्न नाकारणं विठ्ठललाही जड गेलं. तो पडवीत टेकला, पण पायातल्या वहाणा काही काढल्या नाहीत.

परशू तोंड चुकवायला स्वयंपाकाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. पोरीचं आयुष्य आपण तोंडानं खाल्लं, असं त्याला वाटत होतं. केशर डोळे पुसत कढईत तेल ओतत होती. गोड्या तेलाचा नवा डबा, त्याला एकच भोक पाडलेलं. डबा कलता केला तरी धार येईना. गुडगुड झालं, थेंब पडला, परत अडलं. वैतागून तिनं खिळा घेतला आणि डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठोकला. तेल भळाभळा वाहायला लागलं.

परशू बघतच राहिला. आत वारा गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. आणि बंद पडलेलं यंत्र परत कधी चालू झालं होतं? झाकण उघडून लावलं, की त्याच्यानंतर!

तो उड्या मारतच अंगणात गेला. झाकणाला बारीकसं भोक होतं, फिटरनं दाखवलेलं. त्याच्यावर शेंदराचा टिळा घट्ट लिंपला गेला होता. दसऱ्याच्या दिवशी टिळा पुसायचा? परशूचा हात क्षणभर अडला. मग त्यानं झाकणाला नमस्कार केला, कुंपणाच्या करवंदीचा काटा मोडला आणि शेंदूर खरवडून भोक कोरून काढलं.

हँडल मारलं. यंत्र गरजलं, आणि गरजतच राहिलं. मोगऱ्याच्या ताटव्याला वळसा घालून, विहिरीवरनं, फाटकापर्यंत जाऊन परशू परत आला, आणि त्याच्यामागं हिरव्यागार गवतात सरळ पट्टा उमटत गेला. झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या. तो ओरडत होता, हसत होता, काय बोलत होता ते त्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. वासूनं धावत येऊन दांडा मागितला आणि परशूनं राजासारखा तो त्याच्या हाती दिला.

विठ्ठल पडवीतून उतरून जवळ आला. "काय झालतं वं त्येला?" त्यानं कानाशी येऊन विचारलं.

परशूच्या डोक्यात गोष्ट तयारच होती. जंगलाचा राखणदार रुसला होता, रात्री स्वप्नात आला होता, नारळ मागत होता. काय गोष्ट झाली असती! पण वड्यांचं ताट घेऊन केशर दारात आली होती, आणि ती त्याच्याकडं अशी काही बघत होती, की तोंडाशी आलेला राखणदार त्यानं गिळून टाकला.

"काय न्हाई," तो म्हणाला. "कपाळ समजून म्या भोकावर शेंदूर थापला. आत वारा जाईना. मीच बंद पाडलं, आन् सकाळपासनं मीच इलाज शोधालतो."

विठ्ठलला असं हसू फुटलं, की त्याला मोगऱ्याशेजारच्या धोंड्यावर बसावं लागलं.

"यंत्र चाललं ते बघितलं," तो डोळे पुसत म्हणाला. "पर यंत्र खरं निघालं म्हून मानूस खरा ठरत न्हाई, पावनं. येवढी ल्हान गोष्ट तुमच्या तोंडनं मी आज पयल्यांदा आयकली, तीबी सोताच्या येडेपनाची. आता म्हागारी जायचं कारन ऱ्हायलं न्हाई." त्यानं आपट्याचं पान परशूच्या हातात दिलं आणि त्याला कडकडून मिठी मारली. "द्या पोरगी आमच्या घरी."

परशू सगळ्यांदेखत रडला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत, अजिबात न लाजता. विठ्ठलनं वहाणा काढल्या आणि केशरच्या हातून ताट घेऊन पहिला वडा परशूच्या तोंडात कोंबला.

"आवो मामा!" तिकडून वासू जिवाच्या आकांतानं ओरडत होता. यंत्र त्याला फरफटवत साहेबाच्या गुलाबांकडं निघालं होतं. "ह्ये थांबवायचं कसं?"

परशूचं तोंड वड्यानं भरलेलं. शेवटी केशरच पदर खोचून, खळखळून हसत, वासूकडं धावली.