माझी शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनी प्रत आहे. पुस्तकाची प्रत. नाव माझं 'उलट्या नदीचं गाव', मुक्काम कोरेगावचं वाचनालय, कपाट तिसरं, खालून दुसरा कप्पा. वय विचारू नका. ते पहिल्या पानावर छापलेलं होतं, पण तिथं कुणीतरी चहाचा कप ठेवला आणि आता ते वाचता येत नाही. खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं दुःखही नाही.

पुण्यात माझ्यासारख्या दोन हजार बहिणी एकदम छापल्या गेल्या. कुणी कुठं, कुणी कुठं. मी टपालानं कोरेगावात आले आणि इथलीच झाले. माझ्या पोटात एक गोष्ट आहे. कस्तुरा नावाची एक मुलगी असते. तिच्या गावची नदी एके दिवशी उलटी वाहायला लागते आणि सगळं पाणी डोंगरावर निघून जातं. तिच्याकडं गेरू नावाचा मातीचा लाल घोडा असतो. तो त्या डोंगरात गेल्यावर जिवंत होतो. दोघं मिळून नदी सरळ करतात. पण नदी सरळ झाली की घरी जाताना ती ओलांडावी लागणार, आणि गेरू तर कच्च्या मातीचा! आता काय होणार? या प्रश्नापाशी आलं की कोरेगावची पोरं नखं खायची. माझ्या पानांवर त्यांच्या घामेजल्या अंगठ्यांचे ठसे आहेत. काही ठसे तर आता आजोबा झालेल्या माणसांचे आहेत.

तर तीसेक वर्षांपूर्वी भाऊसो नावाच्या एका पोरानं मला घरी नेलं आणि अंगणातल्या बाजेवर उघडं टाकून तो विटीदांडू खेळायला पळाला. त्याच्या शेळीनं माझी शेवटची सोळा पानं खाल्ली. हो, खाल्ली! चवीनं खाल्ली. मी ओरडणार कशी? भाऊसो परत आला तेव्हा शेळी रवंथ करत होती आणि माझी गोष्ट नदीच्या काठावर येऊन थांबली होती.

आमच्या वाचनालयाची एक रीत आहे. पान गेलं म्हणून पुस्तक रद्दीत घालायचं नाही. दुसऱ्या गावच्या वाचनालयात तेच पुस्तक शोधायचं, गेलेली पानं हातानं उतरवून आणायची, ती शिवायची आणि खाली लिहायचं, 'मूळ प्रतीवरून जशीच्या तशी उतरवली.' त्याखाली उतरवणाऱ्याची सही. तेव्हाच्या ग्रंथपाल शरयूबाई या बाबतीत फार कडक होत्या. सही नसेल तर पुस्तक कपाटात जायचं नाही. हे काम त्या महंमद बाइंडरांकडं द्यायच्या. महंमदभाईंचं दुकान वाचनालयासमोर होतं. त्यांची शिलाई पक्की आणि अक्षर तर असं की छापखान्यानं लाजावं.

"महंमदभाई, सांगलीला एक प्रत आहे म्हणे," शरयूबाई म्हणाल्या. "परवापासून सुट्टी लागतेय. सतरा पोरांनी नंबर लावलाय."

महंमदभाई मला पिशवीत घालून मिरजेकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं सांगलीला गेले. तिथं कळलं की ती प्रत माधवनगरच्या एका वाचकाकडं आहे. उन्हात माधवनगर गाठलं तर दाराला कुलूप. शेजारच्या बनाबाई पापड वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, ते समदे जोतिबाला गेल्यात. चार दिवस तरी येत न्हाईत." महंमदभाई त्या ओट्यावर बराच वेळ बसले. परतीच्या गाडीत त्यांनी मला उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आजवर त्यांनी मला शिवलं होतं, वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं, कोरे कागद कापले आणि लिहायला बसले. मला वाटलं, आता हे काय लिहिणार? मित्रांनो, त्यांनी स्वतःचा शेवट लिहिला! त्यांच्या शेवटात कस्तुरा गेरूला नदीत घालतच नाही. ती काठावर भट्टी रचते, गेरूला भाजून पक्का करते, आणि मग दोघं टापा वाजवत पाणी तुडवत घरी जातात. शेवटच्या ओळीत गेरू दारात बांधलेला असतो आणि कस्तुराची आई त्याला पाटीभर गवत टाकते.

लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला. खाली ती ओळ लिहायची राहिली होती. "खरी पानं मिळाली की बदलून टाकू," असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी ती लिहिली. 'मूळ प्रतीवरून जशीच्या तशी उतरवली.' सही केली. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. पण मला विचारतो कोण?

चार दिवसांनी ते पुन्हा माधवनगरला जाणार होते. पण त्याआधीच पोरं त्यांच्या दुकानासमोर उड्या मारायला लागली. "गेरू आला! गेरू घरी आला!" आता ही पानं काढायची कशी? आज काढू, उद्या काढू करता करता तीस वर्षं गेली. कोरेगावातल्या दोन पिढ्यांनी भट्टीचा शेवट खरा मानला. माझ्या बहुतेक बहिणी हळूहळू संपल्या, नवी आवृत्ती काही निघाली नाही आणि महंमदभाईंनी तोंड उघडलं नाही.

आणि मग यंदा माझ्यावर सिनेमा आला.

काय तो आनंद वर्णावा! हातातल्या मोबाइलवर कस्तुरा, एसटी स्टँडवरच्या फलकावर गेरू. कोरेगाव तर असं फुगलं की जणू सगळ्यांनी मिळून मला लिहिलं होतं. आताचे ग्रंथपाल पुष्कर यांनी साताऱ्याच्या थिएटरात तीन रांगा राखून ठेवल्या. महंमदभाईंची नात रुक्सार, सातवीतली, गेरूसाठी जीव टाकणारी. तिनं मला दप्तरात घातलं. का, तर एक एक प्रसंग ताडून बघायचा होता. "नाना, तुमी बी चला की," ती म्हणाली. महंमदभाई आता सत्तरी ओलांडलेले. "गुडघं दुखत्यात गं," म्हणाले. गुडघे रोजच दुखतात, त्या दिवशी जरा जास्त दुखले.

सिनेमा छान होता. नदी डोंगरावर चढली तेव्हा तर मलाही धडधडलं. शेवटी गेरू आणि कस्तुरा नदीकाठी आले. आमच्या तीन रांगा पुढं सरकून बसल्या. "आता भट्टी," कुणीतरी कुजबुजलं. पण गेरू पाण्यात उतरला. कस्तुरा त्याच्या पाठीवर. त्याचे पाय विरघळायला लागले.

"आरं, भट्टी कुठाय?"

"भाजा की त्याला आधी!" हा आवाज भाऊसोंचा. आता त्यांच्या मिश्यांत पांढरे केस आलेत, पण बसणं होत नव्हतं. "लवकर भाजा!"

गेरू विरघळला. पाणी लाल झालं. बाकी थिएटरात माणसं डोळे पुसत होती, काहींनी टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या तीन रांगा उभ्या राहून ओरडत होत्या, "खोटं! खोटं दाखवलं!" दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई वळल्या. त्यांच्या मुलाचे डोळे रडून लाल झाले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकात असंच आहे, बाळा. मी लहानपणी वाचलंय."

"तुमी खोटं बोलताय!" रुक्सार म्हणाली. तिनं मला बाहेर काढलं आणि शेवटचं पान त्यांच्यापुढं धरलं. "हे बघा. मूळ प्रतीवरून जशीच्या तशी. माझ्या नानांची सही हाय." बाईंनी वाचलं आणि मुलाचा हात धरून निघून गेल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

परतीच्या वाटेवर ठरलं, सिनेमावाल्यांना पत्र लिहायचं, वर्तमानपत्रात छापून आणायचं, माझ्या शेवटच्या पानाचा फोटो जोडायचा. पत्र लिहिलं रुक्सारनं. दुसऱ्या दिवशी ती मला आणि पत्राला घेऊन दुकानात गेली. "नाना, पयली सही तुमची. खरी प्रत तुमीच बघितलीया."

महंमदभाईंनी चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं. हातातला पेन खाली ठेवला.

"मी न्हाई बघितली, रुक्सार."

"म्हंजे?"

"कवाच न्हाई बघितली. घराला कुलूप हुतं. ती भट्टी माझी हाय. मीच रचली."

रुक्सार आधी हसली. मग त्यांचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. "मग खाली तसं का लिवलं?"

"चुकलं. त्या दिवशी बी चुकलं आनि रोज गप बसून चुकलं."

"थिएटरात मी त्या बाईंला खोटं बोलताय म्हणाले, नाना. तुमच्या सहीवर म्हणाले." तिनं पत्र फाडलं आणि ती निघून गेली. मग आठ दिवस ती दुकानाकडं फिरकली नाही. घरी नानांसमोर ताटावर बसायची, पण तोंडातून शब्द नाही. हे मला रुक्सारच्या आजीकडून, खातूनबींकडून कळलं, म्हणजे त्या दुकानात येऊन महंमदभाईंना रागवत होत्या तेव्हा. "पोरीचं खाणं कमी झालंय. कायतरी करा," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं माझ्यापासून बी लपवलंत व्हय?"

महंमदभाईंनी केलं. रविवारी वाचनालय भरलेलं असताना ते मधल्या टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. निवृत्त शरयूबाई मुद्दाम आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुमची सही बघून पानं मोजायचंही सोडून दिलं होतं, महंमदभाई." भाऊसो म्हणाले, "आवं, मूळ गुन्हा माझ्या शेळीचा. तिच्यावर भरा खटला." काही लोक हसले. कुणी म्हणालं, आम्हाला तुमचाच शेवट पाहिजे, सिनेमा गेला उडत. महंमदभाई मान हलवत राहिले. "न्हाई. खरी पानं आणा. मीच शिवीन."

पुष्कर यांनी सांगलीला फोन केला. तिथली प्रत अजून होती. झेरॉक्स आली. सोळा स्वच्छ पानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महंमदभाईंनी माझी शिलाई उसवली. उसवताना दुखतं, मित्रांनो, पण ते एकेका टाक्यापाशी इतका वेळ थांबत होते की मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. त्यांनी स्वतःची पानं काढून बाजूला रद्दीच्या ढिगावर ठेवली. मग खरा शेवट हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. रुक्सार वाचनालयातून बाहेर पडली होती. ती दुकानाच्या दारात थांबली, पण आत आली नाही.

"गेरू म्हणाला, घट्ट धर, पण खाली बघू नकोस," महंमदभाई वाचत होते. "त्याचे पुढचे पाय गेले. तरी तो चालत होता. मग... मग त्याचे..."

त्यांना पुढं वाचवेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तिथंच अडले.

रुक्सार आत आली. तिनं त्यांच्या हातातून पान घेतलं, शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिथून पुढं वाचलं. गेरूनं कस्तुराला काठावर कसं उतरवलं, मग मागं फक्त लाल पाणी कसं राहिलं. "कस्तुरानं पाय धुतले नाहीत," तिनं शेवटचं वाचलं. "तशीच लाल पावलं उमटवत ती घरी गेली."



"हे लय चांगलं हाय गं," महंमदभाई म्हणाले. "माझ्यापरीस लय चांगलं. मी आपला बाइंडर. कायबी आलं की टिकवायचं, एवढंच शिकलेला. मला हे सुचलंच नसतं."

"व्हय," रुक्सार म्हणाली. पोर खोटं बोलली नाही. मग तिनं रद्दीवरची पानं उचलली, झटकली आणि त्यांच्यापुढं ठेवली. "पण ही बी वाईट न्हाईत. फकस्त ती ओळ खोडा. आनि काय हाय ते खरं लिवा."

त्यांनी ओळ खोडली. तिच्याखाली लिहिलं, 'हा दुसरा शेवट माझ्या मनाचा. महंमद शेख, बाइंडर, कोरेगाव.' रुक्सारनं दोऱ्याला मेण लावून दिलं आणि त्यांनी आधी खरी पानं शिवली, मग आपली.

मित्रांनो, आता माझ्याकडं दोन्ही आहेत. हल्ली पोरं पहिला शेवट वाचून रडतात आणि दुसरा वाचून हसतात. मला आवडतं ते. तुमच्याकडं माझ्यासारखी कुणी जुनी प्रत आली तर तिला जपा. तिची पानं गेली असतील तर खुशाल भरा, फक्त आपल्या नावानं भरा. आणि तुमचं एखादं म्हातारं माणूस झालेली चूक कबूल करताना मध्येच अडलं, तर आठ दिवस लावू नका. जवळ जाऊन बसा आणि पुढचं वाक्य त्याला वाचून दाखवा.