नूतनची खिडकी

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर नाथूची वड्याची गाडी आहे. महाबळेश्वरला जाणारी एसटी इथे दहा मिनिटं थांबते. माणसं उतरतात, दोन-दोन वडे हाणतात आणि पुन्हा चढतात. पुढे आंबेनळीच्या वळणांवर त्या वड्यांचं काय होतं, ते नाथू विचारत नाही. कंडक्टर लोकांना त्याने सांगूनच ठेवलंय, "माझं काम स्टँडपुरतं. घाटातलं तुमचं तुम्ही बघा."

नाथूचं खरं भांडवल म्हणजे त्याचा आवाज. "गराऽऽम वडाऽऽ" अशी एक हाळी दिली की सावित्री नदीपलीकडची म्हैस चरायची थांबून मान वर करते, असं लोक म्हणतात. म्हणजे लोक कुठले, नाथूच म्हणतो. पण म्हशीने अजून तक्रार केलेली नाही.

स्टँडखेरीज त्याचं आणखी एक गिऱ्हाईक होतं, शाळा. मधल्या सुट्टीत शाळेच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि नाथूचे दोन पराती वडे पोरं फस्त करायची. नऊ वर्षं ती खिडकी त्याची होती. हेडमास्तर बदलले, शिपाई बदलले, खिडकी बदलली नाही.

मग महाडहून शुभदा मॅडम आल्या. आहारातल्या डॉक्टर. तालुक्यातल्या तरुण पोरांसाठी त्यांनी दर शनिवारी शाळेत स्वयंपाकाचा वर्ग काढला. काय खावं, का खावं आणि ते आपल्या हाताने कसं करावं. बारा पोरं आली. त्यात एक नाथूची पोरगी, अकरावीतली नूतन.

"वडेवाल्याची पोर आता उकडलेलं शिकणार!" नाथू जेवताना म्हणाला.

"तुमचं पोट बघून शिकावंसं वाटलं असेल तिला," त्याची बायको सरिता भाकरी थापता थापता म्हणाली.

नाथूने पोट आत घेतलं. ते आलं नाही.

पहिल्याच शनिवारी त्याने वर्गाला सलामी दिली. शुभदा मॅडम फळ्यावर तेलाचे तोटे लिहीत होत्या, आणि नाथूने शिपायाला पटवून फळ्यामागच्या कपाटात गरम कांदाभज्यांचं पुडकं ठेवून दिलेलं. पाच मिनिटांत वर्गात वास घुमला. अकरा पोरांची तोंडं कपाटाकडे आणि बाराव्याची लाळ वहीवर. मॅडम बिचाऱ्या फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तळलेल्या पदार्थांचा मोह होतो, पण..." आणि स्वतःच थांबून वास घेऊ लागल्या.

स्टँडवर हा किस्सा नाथूने महिनाभर पुरवला.

नूतन मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, तुला जितेश माहीत हाय?"

"वरच्या वाडीतला? कवायतीत पडला तो?"

"तोच. दीड तास डोंगर उतरून शाळेत येतो, उपाशी. दुपारी तुझा एक वडापाव खातो आणि संध्याकाळी परत डोंगर चढतो. पडणार नाय तर काय करणार? त्याच्या घरात नाचणीने कणगी भरलीय. आणतो का कधी भाकरी? नाय. पोरं काळी भाकरी म्हणून चिडवतात ना."

"मग त्यात माझ्या वड्याचा काय दोष?"

"दोष नाय म्हणत मी. मला ती खिडकी पायजे."

नाथूच्या हातातला घास हातातच राहिला. पोरीने बापाकडे स्कूटी मागावी, मोबाईल मागावा. ही बापाचीच खिडकी मागत होती.

गोष्ट बोलण्यावर राहिली नाही. नूतन आणि तिची गँग हेडमास्तरांना जाऊन भेटली. चिंतामणी सर माणूस सरळ, पण हात राखून बोलणारा. म्हणाले, "जून महिन्यात एक सोमवार देतो. मधल्या सुट्टीत ऐंशी ताटं लावा. ताटं रिकामी परत आली तर वर्षभर खिडकी तुमची. अन्न उरलं, तर नाथूचे वडे आहेतच."

"बघ गो," नाथू नूतनला म्हणाला, "मी मधे पडणार नाय. सोमवारी शाळेत माझा एकसुद्धा वडा येणार नाय."

हे खरंच होतं. वडे शाळेत येणार नव्हते. गाडी शाळेच्या फाटकाबाहेर येणार होती.

सोमवारी अकरा वाजताच त्याने गाडी ढकलत आणली, वाऱ्याची दिशा बघितली आणि कढई अशी लावली की वास सरळ मैदानात जावा. सुट्टीला अजून अर्धा तास होता. म्हणून शत्रूची तयारी बघायला तो स्वयंपाकघरात गेला.

"तू इथे कशाला?" नूतनने विचारलं.

"शेगडी बघायला. गॅस गळत असेल तर? पोरांची काळजी वाटते."

"तुला?"

"मलाच. बाप हाय मी."

आत पोरांची घाई चाललेली. जितेश काकडी चोचवत होता. मोठ्या टोपात मोडाच्या कुळथाची उसळ रटरटत होती. नूतन तव्यावर नाचणीचे घावन घालत होती. अर्धा कांदा तेलात बुडवून तिने तवा पुसला, वाटीने पीठ फिरवलं, झाकण ठेवलं, काढलं. घावन जाळीदार, कड न फाटता सुटला. पुढचा तसाच. त्याच्या पुढचाही. नाथूने आयुष्यात लाखभर वडे सोडले असतील, त्यामुळे हात कुणाचा बसलाय आणि कुणाचा नाही हे त्याला लांबून कळतं. हा हात बसलेला होता. त्याने नजर शेगडीकडे वळवली. बोलला असता तर कौतुक झालं असतं आणि ते आज परवडणारं नव्हतं.

"पाणी आणते," म्हणून नूतन कळशी घेऊन गेली.

नाथूची नजर कोपऱ्यातल्या छोट्या टोपावर गेली. झाकण जरासं कललेलं. त्याने उचललं, तर आत शेवळांची भाजी!

आता नाथूला शेवळं म्हणजे काय, हे सरिताला विचारा. वर्षातून दोन-तीन आठवडे रानात उगवणारी ही भाजी. त्या दिवसांत हा माणूस सासूशीसुद्धा गोड बोलतो, कारण सासू वरच्या वाडीतून शेवळं पाठवते. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि डाव घेऊन तीन घास आत ढकलले. चौथा घेतला तो चव बघायला, कारण पहिले तीन घाईत गेले होते. झाकण होतं तसं कललेलं ठेवून तो बाहेर सटकला.

फाटकापर्यंत पोचतोय तोच घशात काहीतरी हललं.

आधी मुंगी चालल्यासारखं. मग मुंग्यांची वरात. मग अख्खी वरात बँडबाजासकट. नाथू पाणी प्यायला, खाज आणखी वाढली. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डोंगरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की शेवळांत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घसा सोलून निघतो. भाजीत काकडं नव्हती. आणि वाडीचा जावई म्हणवणाऱ्या या बहाद्दराने खाण्याआधी साधं बघितलंसुद्धा नव्हतं!

घंटा झाली. पोरं सुटली. नाथूने छाती भरून श्वास घेतला आणि हाळी दिली.

"गर्र... खॅं... व्हॅ..."

खुराड्यात मांजर शिरल्यावर कोंबडी ओरडते, तसला आवाज. म्हैस सोडाच, शेजारच्या शेळीनेही बघितलं नाही.

पण आवाज गेला तरी वास शाबूत होता. वासाने आपलं काम केलं. बघता बघता तीस-चाळीस पोरं फाटकाला लोंबकळली. "नाथूकाका, दोन द्या! काका, मला मिरची जास्त!"

नाथूने झारा उचलला आणि सहज आत बघितलं.

खिडकी उघडी होती. पुढे ताटं मांडलेली. रांग नव्हती. शुभदा मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. चिंतामणी सर घड्याळ बघत होते. वर्गातली बाकीची पोरं खाली माना घालून उभी. आणि नूतन? नूतन खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हाका मारत होती.

"गराऽऽम घावनऽऽ! या रे याऽऽ!"

तीच ओढ, तोच शेवटचा हेलकावा. नाथूचीच हाळी. कुणी शिकवली नव्हती तिला. पोर पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. मैदान रिकामं होतं, एकही पोरगं तिच्याकडे वळत नव्हतं, तरी तिचा आवाज तसूभर खाली येत नव्हता. धंद्याच्या पहिल्या वर्षी नाथू असाच रिकाम्या स्टँडवर ओरडायचा.

नाथूने गॅस बंद केला.

"काका, वडा!"

त्याने हाताने खूण केली, संपलं. परातीत वड्यांचा ढीग दिसत होता. पोरं परातीकडे बघत राहिली. नाथूने परातीवर फडकं टाकलं, फाटक ढकललं आणि भर मैदानातून चालत खिडकीपुढे जाऊन उभा राहिला. रांगेत पहिला. रांगेत एकटा.

नूतनचे डोळे बारीक झाले. "काय पायजे?"

नाथूने ताटाकडे बोट केलं.

"बोलत का नाय?"

नाथूने घशाकडे बोट केलं.

"कोपऱ्यातली भाजी खाल्लीस ना?" ती हळूच म्हणाली. "मला माहीत होतं तू येणार. आणि शेवळं बघून तुझा हात थांबणार नाय, हेपण माहीत होतं. काकडं मुद्दाम घातली नव्हती. टोप फक्त तुझ्यासाठीच होता."

सत्तेचाळीस वर्षं जगाला टोप्या घालणाऱ्या माणसाला सतरा वर्षांच्या पोरीने, स्वतःच्या पोटच्या पोरीने, झाकण तिरकं ठेवून पकडलं होतं. त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, म्हणून हसू नुसतंच अंगभर फिरत होतं आणि डोळ्यांतून बाहेर येत होतं.

"हे घे आधी." तिने आमसुलाच्या पाण्याचा पेला पुढे केला. तोही तयारच ठेवलेला.

मग नाथूने ताट घेतलं, मैदानाच्या मधोमध मांडी घातली आणि अख्ख्या शाळेला दिसेल असा जेवायला बसला. पहिला घावन त्याने नाटकी खाल्ला. मान डोलावली, बोटं चाटली, डोळे मिटले. दुसऱ्या घावनाला नाटक विसरला. कुळथाची उसळ आंबट-तिखट, बेताच्या तेलात, आणि तरी जिभेला ओढ लावणारी. आपण असली उसळ शेवटची कधी खाल्ली ते त्याला आठवेना.

"अरे, नाथूकाका स्वतःचे वडे टाकून हे खातोय!" फाटकाजवळचं एक पोरगं ओरडलं.

"काय असेल रे?"

"चल, बघूया तरी."

आधी दोघं आले. मग सहा. मग फाटक मोकळं झालं आणि खिडकीपुढे अशी झुंबड उडाली की चिंतामणी सरांना शिटी फुंकावी लागली. जितेशने स्वतः वाढलेल्या पहिल्या ताटातला घावन हातात घेऊन कुणीतरी विचारलं, "ही काळी भाकरी काय रे?" जितेश म्हणाला, "काळीच. आमच्या शेतातली. नको तर दे परत." पोराने दिली नाही.

पंचवीस मिनिटांत ऐंशी ताटं गेली. शेवटचं ताट तर दोघांनी वाटून घेतलं. चिंतामणी सरांनी उष्ट्याची बादली स्वतः वाकून बघितली. तिच्यात काकडीची देठं होती आणि कांद्याची सालं.

"खिडकी तुमची," ते नूतनला म्हणाले. मग नाथूकडे वळले. "नाथू, तुमचं नऊ वर्षांचं गिऱ्हाईक गेलं हो."

नाथूने घसा खाकरला. आमसुलाने जरासा मोकळा झाला होता. "घरातच गेलं ना सर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लांब नाय गेलं."

शुभदा मॅडम पुढे आल्या. "तुम्ही मदत कराल असं वाटलं नव्हतं. त्या भज्यांनंतर तर मुळीच नाही."

"भजी कुरकुरीत होती ना पण?"

मॅडम हसल्या. "वर्ग संपल्यावर चार मीच खाल्ली. मुलांना सांगू नका."

"बाबा," आतून नूतनची हाक आली, "गप्पा पुरे. उसळीचा टोप घासायला घे. खाली लागलाय."

नाथूने बाह्या सारल्या आणि नळापाशी उकिडवा बसला. राखेने टोप घासता घासता पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येक पोराला, दोन शिक्षकांना आणि एकदा चुकून शिपायालासुद्धा तो फाटक्या आवाजात सांगत होता, "खिडकीत उभी हाय ना, ती माझी पोरगी. मला फसवलंन तिने आज. मला! विचार तिला, कसं ते."

शिपाई म्हणाला, "ओळखतो की मी तिला."

"नाय ओळखत," नाथू म्हणाला. "बस इथे, सांगतो."