गाडीतली वकिली

मी वकील होऊन वर्षं लोटली, तरी बाबांच्या केबिनमध्ये अशील शिरला की मी बाहेर आणि दार बंद. "आधी ऐकायला शीक," असं मला सांगायचे आणि ऐकण्यासारखं सगळं दाराआड ठेवायचे. म्हणून ऑफिस नव्यानं करायचं निघालं तेव्हा मीच हट्टानं डिझायनर आणला. दोन पिढ्यांनी मिळून काम करायचं तर आधी भिंती पाडा, असं त्याचं म्हणणं. आंधळा मागतो एक डोळा!

केबिन गेली. मधोमध विमान उतरेल एवढं लांब टेबल आलं. कोपऱ्यात झोपाळा टांगला, तो कोणत्या पिढीनं वापरायचा हे डिझायनरलाही सांगता येईना. बाबांची खुर्ची माझ्यासमोर. आता कुठे जातात बघू, म्हटलं.

आमची कामं घटस्फोटाची. पहिल्याच दिवशी आलेल्या अशिलानं टेबल पाहिलं, टेबलाभोवतीची आम्ही सगळी माणसं पाहिली आणि "घरी सगळं छान आहे हो," म्हणून रडायलाच लागला. बाबा उठले, त्याला खाली घेऊन गेले, आपल्या जुन्या गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. मग तोच शिरस्ता पडला. वर पिढ्या एकत्र येत होत्या, वकिली खाली चालली होती. मी खिडकीतून गाडीचा टप बघत चरफडायची. दाराला निदान कान तरी लावता यायचा.

एके दिवशी माझ्याच वयाची एक बाई आली. "मला तुमच्याशीच बोलायचंय. पण इथं नको."

मी बाबांपुढे हात केला. "किल्ली द्या."

"एसी नीट लागत नाही, मी लावून देतो," म्हणत ते सोबत आले, पुढच्या सीटवर बसले आणि उठायचं नावच घेईनात.

मागे माझ्याशेजारी बसलेल्या बाईनं त्यांच्याकडे बघत विचारलं, "हे कोण?"

इतक्या वर्षांचं सगळं ओठावर आलं. "माझे ज्युनिअर."

आरशात बाबांचे डोळे मोठे झाले. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, मजाही वाटली.

"वय बरंच दिसतंय," बाई पुटपुटली.

"उशिरा आलेत या लायनीत."

बाबांनी काचा वर केल्या, मांडीवर पॅड घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुमचं चालू द्या, मॅडम," ते मला म्हणाले. "मी ऐकायला शिकतोय."