टोपीसकट माप

आमचे हे कूलर बनवतात. अख्ख्या गावाला गार करणारा हा माणूस घरात मात्र सदा तापलेला, हे मी लग्नानंतर लगेचच ओळखलं. तसा नवरा वाईट नाही. पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही.

या उन्हाळ्यात डोक्यात सोलर पॅनल शिरले. गच्चीभर पॅनल, खाली दुकानात फुकटची वीज. माझी काही हरकत नव्हती. पंचाईत झाली ती गच्चीवर आधीपासून राहणाऱ्या कुंड्यांची. त्या माझ्या सासऱ्यांच्या. मामंजी पूर्वी बस चालवायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि मग ते गच्चीवरच रमले. पुदिना, अळू, नेचे, कसली कसली रोपं. सकाळी खिळ्यावरची टोपी डोक्यावर चढवायची आणि वर जायचं, ते जेवायला हाक मारली की खाली यायचं.

पॅनल आले आणि कुंड्या जिन्याखाली गेल्या. "तात्पुरत्या," हे म्हणाले. तिथे ना उजेड ना वारा. अळवाने तर लगेच माना टाकल्या. मामंजींनी गच्चीवर जाणं सोडलं. टोपी खिळ्याला अडकवली आणि दुकानातल्या बाकावर येऊन बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "आजोबा, जरा सरकता का?" आणि ते सरकायचे.

एक दिवस जेवताना म्हणाले, "सूनबाई, मी रविवारी ताईकडे जातो." ताई म्हणजे माझी नणंद.

"किती दिवस?"

"बघू. आता इथे तरी माझं काय काम आहे?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. या घरात माझ्या बाजूने बोलणारं ते एकच माणूस. मी चिडले की "आधी पाणी पी, मग भांड" म्हणणारं. ते गेले तर मी भांडायचं कुणाच्या जिवावर?

मी यांच्या कानावर घातलं. "अहो, बाबा कायमचे निघालेत."

"जाऊ दे की, हवापालट होईल तेवढीच," हे म्हणाले. लक्ष सगळं मोबाइलमध्ये. कुठलं पॅनल किती वीज देतं ते त्यात दिसतं. आणि ऐन दुपारी, ऊन नुसतं ओतत असताना, वीज काही हवी तशी चढत नव्हती.

पॅनल बसवणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या. "भाऊ, यांना उजेड हवा, उष्णता नको," त्या म्हणाल्या. "तापले की मंदावतात. खालून वारा खेळता ठेवा, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरंच. पण मागे एकदा वादळात आमच्या दुकानाची पाटी उडून समोरच्या न्हाव्याच्या दारात पडली होती. तेव्हापासून यांनी वाऱ्याची धास्ती घेतलेली. म्हणून सगळे पॅनल गच्चीला चिकटवून, जवळजवळ आडवे निजवले. टाकीजवळचे दोनच काय ते उंच, तेही खालून पाइप जातात म्हणून.

आता उंच करायचे म्हणजे चूक कबूल करायची. त्यापेक्षा हे म्हणाले, "मी गावाला गार करतो, मला हे पत्रे गार करता येणार नाहीत?" आणि दुकानातले दोन मोठे कूलर गच्चीवर चढवले! पॅनलकडे तोंड करून सोडले भरारा. शेजारपाजारचे कठड्यावर हात टेकून बघायला लागले. न्हावी खालून ओरडला, "शेठ, पांघरूण पण घाला, सर्दी होईल त्यांना!"

वीज वाढली, नाही असं नाही. चिमूटभर. आणि ती चिमूट गिळून वर आणखी ओंजळभर वीज ते दोन कूलरच खात होते. शिवाय क्षाराच्या पाण्याचे शिंतोडे उडून काचांवर पांढरे डाग पडले ते वेगळेच.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हटलं.

"तुला यातलं कळत नाही."

"मला बाबांची बॅग भरलेली दिसते, तेवढं कळतं." हे उठून दुकानात गेले. पण कूलर काही बंद केले नाहीत.

शनिवारी दुपारी यांनी आतून हाक मारली. "अगं, इकडे ये. टाकीजवळच्या या दोन पॅनलांचं काहीतरी बिघडलंय. बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वीज दाखवतायत, आणि त्यांच्याकडे तर कूलरही नाही!"

आम्ही वर निघालो. जाताना माझं लक्ष खिळ्याकडे गेलं. टोपी नव्हती.

वर जाऊन बघतो तर त्या दोन पॅनलांखाली मामंजी. पार दुमडून, गुडघ्यात मान घालून बसलेले, हातात तांब्या. भोवती सगळ्या कुंड्या दाटीवाटीने लावलेल्या. आम्ही दुपारी लवंडलो की एकेक कुंडी उचलून वर आणली होती म्हाताऱ्याने. सावलीत पुदिना हिरवागार झाला होता, अळवाने माना वर काढल्या होत्या, खालची फरशी ओली होती.

आम्हाला बघून ते दचकून उठायला गेले आणि डोकं लोखंडाला ठाणकन आपटलं. टोपी पडली.

"तुझ्या पॅनलला हात लावला नाही रे," मामंजी घाईघाईने म्हणाले. "जाण्याआधी रोपं जरा सावलीत ठेवली इतकंच. जिन्याखाली मेली असती. उद्या काढतो."

यांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर भरलेली बस स्वतःच्या हुकमावर चालवणारा बाप, स्वतःच्या गच्चीवर पोरासमोर सफाई देत होता. मी तर सरळ रडायलाच लागले. "मामंजी, जाऊ नका हो," म्हटलं.  हे पुढे झाले, दोन्ही कूलर बंद केले, आणि पॅनलवाल्या बाईंना फोन लावला.

बाई संध्याकाळी आल्या. त्या दोन पॅनलांखाली हात घालून बघितला आणि हसल्याच. "बिघडलं कुठे? खालून वारा आहे, शिवाय ही ओली पानं. हवाच गार राहते इथे. सगळेच असे करा, भाऊ. वीतभर उचलले तरी खूप फरक पडेल. किती उंच करू?"

"बाबा उभे राहतील एवढे," हे म्हणाले.

"अहो, एवढ्याची गरज नाही. लोखंड किती लागेल! शिवाय तुम्हालाच वाऱ्याची भीती."

"पाय पक्के रोवा. लागू दे लोखंड. त्यांना वाकायला लागता कामा नये." आणि मग मामंजींकडे न बघताच, "रोज वर यायचंय त्यांना. म्हणजे... राहणार असतील तर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मामंजींकडे. ते कठड्याशी उभे होते, पडलेली टोपी झटकत. बाई टेप घेऊन त्यांच्याजवळ गेल्या आणि डोक्यापर्यंत माप धरलं.

मामंजींनी त्यांचा हात थांबवला. टोपी नीट डोक्यावर चढवली, पाठ ताठ केली.

"आता घ्या," म्हणाले.