कुणाचा दोष नाही

येरमाळ्यात बशीरभाईंचं बांगड्यांचं दुकान. बांगड्या भरता भरता गप्पा मारण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. हल्ली विषय एकच, सून मिनाज. ती धड जेवत नव्हती, बोलत नव्हती, भिंतीकडं तोंड करून पडून असायची. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की अशा आजारात मेंदूतल्या रसायनांतही बिघाड असू शकतो, गोळ्यांनी फरक पडेल. एवढं ऐकलं आणि बशीरभाई अर्धे डॉक्टर झाले. गिऱ्हाईक बाईचा हात हातात धरून सांगायचे, "शुगर असती की न्हाय, तसंच. केमिकल कमी झालंय. कुणाचा दोष न्हाय." शेवटचं जरा मोठ्यानंच.

गोळ्यांनी मिनाजला झोप लागू लागली, चार घास पोटात गेले. बोलणं मात्र आलं नाही. नवरा मुजीब ट्रकवर गेलेला, म्हणून बशीरभाईच तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेले आणि बसल्या बसल्या म्हणाले, डोस वाढवा. बाई म्हणाल्या, गोळी तिचं काम करतेय, पण सगळंच काम गोळीचं नसतं. मग त्यांनी विचारलं, मुलं किती.

"न्हाईत," बशीरभाई म्हणाले.

"एक होती," मिनाज म्हणाली.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली, ती मेलेलीच. बशीरभाईंनी तिला दवाखान्यातूनच परस्पर कब्रस्तानात नेलं. आईला तोंडही दाखवलं नाही. घरी येऊन बायकोला, फरिदाबीला, दटावलं, की या घरात तो विषय पुन्हा नको. शिवून ठेवलेली झबलीसुद्धा त्यांनीच वाटून टाकली. सून लवकर सावरेल, एवढाच त्यांचा हिशोब. आपण भलंच केलं, असं त्यांना आजवर वाटत होतं.

बाईंनी मुलीचं नाव विचारलं. बशीरभाईंना ते कुठून ठाऊक असणार?

"युसरा," मिनाज म्हणाली. "मीच ठेवलं मनात." मग तिनं पहिल्यांदाच सासऱ्याकडं मान वळवली. "अब्बा, कुठं ठेवलंत तिला?"

बशीरभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आशेनं बाईंकडं बघितलं, आता त्या मेंदूचं काहीतरी सांगतील म्हणून. त्यांची नजर मिनाजवरच होती. मिनाज उत्तराची वाट बघत होती.

"कोपऱ्यात कुठंतरी," ते कसंबसं म्हणाले. "आता म्हाईत न्हाय, बेटा. म्या मुद्दामच खुणेचा दगड ठेवला न्हाय. तू शोधत येशील म्हणून."